मदन पुरस्कार आणि जगदंबा श्री

नेपाळी साहित्यात ज्या दोन सन्मानांना सर्वाधिक वजन आहे, ते दोन्ही सरकारी नाहीत. दोन्ही एकाच न्यासाकडून दिले जातात आणि दोन्हींची नावे एका राणा दांपत्याची आहेत. मदन पुरस्कार हा त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या उत्कृष्ट नेपाळी पुस्तकाला मिळतो. जगदंबा श्री पुरस्कार नेपाळी भाषा, साहित्य, लोकसंस्कृती आणि कला यांसाठी दीर्घकाळ काम केलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला दिला जातो. पहिला पुरस्कार विक्रम संवत २०१२ मध्ये, म्हणजे १९५५ साली स्थापन झाला. दुसरा त्यानंतर तेहतीस वर्षांनी, संवत २०४५ मध्ये सुरू झाला. नेपाळी वर्तमानपत्रे दरवर्षी भाद्रपदाच्या सुमारास या दोन नावांची वाट पाहतात आणि दोन्ही निकाल सहसा एकाच बातमीत येतात.

पुरस्कार देणाऱ्या न्यासाचे नाव ‘मदन पुरस्कार गुठी’. गुठी हा शब्द संस्कृत ‘गोष्ठी’वरून आला. मराठीतली ‘गोष्ट’ही त्याच मुळातून निघाली, पण काठमांडूच्या खोऱ्यात या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटला. लिच्छवी काळातल्या शिलालेखांपासून तेथे गोष्ठी म्हणजे देवळाची पूजा, जत्रा, पाणपोई, अंत्यसंस्कार अशी कामे सांभाळणारी मंडळी. त्यांच्या खर्चासाठी जमीन तोडून दिलेली असते आणि तिच्या उत्पन्नावर काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. मराठी वाचकाला देवस्थान इनामाची कल्पना असते, त्याच्या जवळपासची ही व्यवस्था. विसाव्या शतकात एका विधवा राणीने ही जुनी चौकट उचलली आणि देवाच्या जागी पुस्तक ठेवले.

ही राणी म्हणजे जगदंबाकुमारी देवी राणा. तिचे पती जनरल मदन शमशेर जंगबहादुर राणा हे महाराज चंद्र शमशेर यांचे पुत्र. चंद्र शमशेर १९०१ ते १९२९ या काळात नेपाळचे पंतप्रधान होते. त्या काळात पंतप्रधान हाच खरा सत्ताधीश असे आणि राजा नावापुरता. हे नाते लक्षात ठेवावे लागते, कारण त्याशिवाय या पुरस्काराचा विरोधाभास कळत नाही.

चंद्र शमशेर यांनी १९१३ मध्ये ‘गोरखा भाषा प्रकाशिनी समिती’ स्थापन केली. नाव प्रकाशनाचे, पण काम मुख्यतः परवानगीचे होते. समितीच्या मंजुरीशिवाय पुस्तक छापणे गुन्हा ठरला. १९२० मध्ये कृष्णलाल अधिकारी नावाच्या सरकारी नोकराने मक्याच्या लागवडीवर ‘मकैको खेती’ हे पुस्तक लिहिले. त्याला समितीची परवानगीही मिळाली होती. मजकूर बियाणे, मशागत, पिकाची राखण असा साधा होता. मात्र परदेशी कुत्र्याचे कितीही लाड केले तरी चोरापासून पिकाची राखण देशी कुत्राच करतो, अशा अर्थाचा काही भाग त्यात होता. त्यात इंग्रजांना आणि राणा घराण्याला टोमणा मारला आहे, असा अर्थ दरबाराने काढला. लेखकाला नऊ वर्षांची शिक्षा झाली, प्रती गोळा करून नष्ट करण्यात आल्या आणि कृष्णलाल तुरुंगातच वारले. नेपाळच्या इतिहासात हे प्रकरण ‘मकै पर्व’ म्हणून ओळखले जाते. त्या पुस्तकाची एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही.

अशा वातावरणात नेपाळी भाषेचा छापील संसार बराचसा नेपाळबाहेरच उभा राहिला. भानुभक्त आचार्यांचे रामायण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते छापून लोकांपर्यंत नेण्याचे काम मोतीराम भट्टांनी बनारसमधून केले. मोतीराम १८९६ मध्ये अवघ्या तिशीत गेले, पण भानुभक्तांना आद्यकवीचे स्थान मिळाले ते त्यांच्यामुळे. पुढे दार्जिलिंगमध्ये सूर्यविक्रम ज्ञवाली, धरणीधर कोइराला आणि पारसमणि प्रधान यांनी १९२४ मध्ये नेपाळी साहित्य संमेलन ही संस्था स्थापन केली. या तिघांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून लोक त्यांना ‘सुधपा’ म्हणत. भाषेचे नावही याच काळात पक्के होत गेले. खस कुरा, पर्वते, गोरखाली अशी तिची जुनी नावे. ‘कुरा’ म्हणजे गोष्ट, बोलणे. ‘नेपाळी’ हे नाव रूढ होण्यात दार्जिलिंग आणि बनारसच्या लेखकांचा वाटा काठमांडूच्या दरबारापेक्षा मोठा आहे.

१९५१ मध्ये राणा राजवट संपली. राणा घराण्यांकडे संपत्ती उरली, सत्ता गेली. कोणी वाडे विकले, कोणी भारतात निघून गेले. मदन शमशेर यांच्या निधनानंतर जगदंबा राणीने त्यांच्या नावाने पुरस्कार स्थापन केला, तो या उलथापालथीनंतर चारच वर्षांनी. ज्या सासऱ्याच्या कारकिर्दीत मक्यावरच्या पुस्तकासाठी माणूस तुरुंगात गेला, त्याच घरातला पैसा आता पुस्तक लिहिणाऱ्याला मानाने दिला जाऊ लागला. राणीच्या मनात प्रायश्चित्ताची भावना होती असे म्हणण्याला आधार नाही. पतीचे स्मारक करायचे होते, एवढेच निश्चित सांगता येते. पण स्मारक म्हणून तिने देऊळ किंवा धर्मशाळा न निवडता पुस्तक निवडले, यामागे तिच्या कारभाऱ्यांच्या घराची पुण्याई असावी.

ते घर आचार्य दीक्षितांचे. केदारमणि आचार्य दीक्षित राणीचा कारभार पाहत. त्यांचे वडील राममणि आचार्य दीक्षित यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बनारसहून ‘माधवी’ हे मासिक काढले आणि ‘हलन्त बहिष्कार’ नावाची शुद्धलेखनाची चळवळ चालवली होती. नेपाळी लेखनातली अनावश्यक हलन्त चिन्हे काढून टाका, असा त्यांचा आग्रह. ज्या घरात पाय मोडायचा की नाही यावर चळवळ उभी राहते, त्या घरातल्या माणसांनी राणीला साहित्याकडे वळवले असेल तर त्यात नवल नाही. केदारमणींचे पुत्र कमलमणि दीक्षित हे पुढे या सगळ्या उद्योगाचा कणा ठरले. कमलमणि स्वतः निबंधकार होते आणि पुस्तके जमवण्याचा त्यांना लहानपणापासून नाद होता.

पुरस्काराचा नियम सोपा आहे. पुस्तक नेपाळी भाषेत, स्वतंत्र आणि त्या विक्रम संवत वर्षात प्रथमच प्रसिद्ध झालेले असावे. नेपाळचे विक्रम संवत इसवी सनापेक्षा सुमारे छप्पन वर्षे आठ महिने पुढे असते आणि वैशाखात, एप्रिलच्या मध्यावर सुरू होते. वर्ष संपल्यावर पुस्तके तपासली जातात, निकाल पुढच्या वर्षीच्या भाद्रपदाच्या आसपास लागतो आणि समारंभ दशैंच्या सुमारास, म्हणजे आपल्या नवरात्राच्या दिवसांत होतो. त्यामुळे संवत २०७९ चा पुरस्कार प्रत्यक्षात २०८० मध्ये, म्हणजे इसवी सन २०२३ मध्ये हाती पडतो. इंग्रजी आणि नेपाळी याद्यांत एकाच पुस्तकापुढे वेगवेगळी वर्षे दिसतात, त्याचे कारण हेच. अलीकडे अंतिम निकालाआधी निवडक पुस्तकांची छोटी यादी जाहीर होते. त्या यादीवर होणारी चर्चा कधी कधी निकालापेक्षा जास्त रंगते.

सुरुवातीच्या काळात एका वर्षी एकापेक्षा अधिक पुस्तकांचा गौरव होत असे आणि ललित साहित्याइतकाच मान संशोधनाला होता. संवत २०१३ च्या पहिल्या मानकऱ्यांत चित्तरंजन नेपाली यांचा जनरल भीमसेन थापांवरचा इतिहासग्रंथ होता आणि सत्यमोहन जोशी यांचे ‘हाम्रो लोकसंस्कृति’ होते. यातले दुसरे नाव या पुरस्काराच्या कथेत पुन्हा पुन्हा येते.

सत्यमोहन जोशी पाटणचे, म्हणजे ललितपूरचे नेवार. त्यांची मातृभाषा नेपाळभाषा. नेपाळीशी या नावाचे साम्य असले तरी ही तिबेटी-ब्रह्मी कुळातली अगदी वेगळी भाषा आहे. सरकारी नोकरीत पश्चिमेच्या डोंगराळ भागात फिरताना त्यांनी लोकगीते आणि चालीरीती टिपून घेतल्या आणि त्यातून हे पुस्तक झाले. खेड्यातली गाणी हा ग्रंथाचा विषय होऊ शकतो, ही कल्पनाच तेव्हा काठमांडूत नवीन होती. संवत २०१७ मध्ये नेपाळच्या नाण्यांवरील पुस्तकासाठी त्यांना दुसऱ्यांदा मदन पुरस्कार मिळाला. या सुमारास नेपाळात राजा महेंद्र यांनी निवडून आलेले सरकार बरखास्त केले. पुरातत्त्व आणि संस्कृती विभागाचे संचालक असलेले जोशी पुढे पेकिंगला नेपाळी शिकवायला गेले. तिथे त्यांनी वेध घेतला तो अरनिकोचा, तेराव्या शतकात कुब्लाई खानाच्या दरबारी गेलेल्या आणि पेकिंगचा पांढरा स्तूप उभारणाऱ्या नेवार शिल्पकाराचा.

तिसरा पुरस्कार सर्वांत महत्त्वाचा. संवत २०२८ मध्ये नेपाळच्या अकादमीने ‘कर्णाली लोकसंस्कृति’ हा पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जोशींसोबत बिहारीकृष्ण श्रेष्ठ, स्थिरजंगबहादुर सिंह, प्रदीप रिमाल आणि चूडामणि बंधु अशी पाच जणांची तुकडी जुम्ला भागात गेली होती. त्या काळी या भागात वाहन जाईल असा रस्ता नव्हता. इतिहास, जनजीवन, भूगोल, लोकसाहित्य, भाषा असे विषय त्यांनी वाटून घेतले. जुम्ल्याच्या सिंजा खोऱ्यात मध्ययुगीन खस राज्याची राजधानी होती आणि आजच्या नेपाळीचे मूळ तिथल्या बोलीत आहे, ही गोष्ट या अभ्यासाने सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचवली. आपली भाषा काठमांडूची नसून कर्णालीच्या कोरड्या, दरिद्री डोंगरांतून खाली आली आहे, हे राजधानीतल्या सुशिक्षितांना तेव्हा सहज पचणारे नव्हते. तीनदा मदन पुरस्कार मिळवणारे जोशी पुढे शंभरी ओलांडून जगले. शताब्दीनिमित्त नेपाळ राष्ट्र बँकेने त्यांच्या सन्मानार्थ नाणी काढली. नाण्यांवर पुस्तक लिहिणाऱ्याला असा मान क्वचितच मिळतो. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी ते गेले.

ललित लेखनातला मोठा टप्पा संवत २०२२ चा. त्या वर्षी ‘शिरीषको फूल’ या कादंबरीसाठी पारिजात यांना पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. विष्णुकुमारी वाइबा हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९३७ मध्ये दार्जिलिंगमधल्या तामांग कुटुंबातला. तरुणपणीच त्या काठमांडूला आल्या आणि आजाराने अंग लुळे पडल्यामुळे उरलेले आयुष्य बहुतेक घरातच गेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून परतलेला, मनाने पोखरलेला प्रौढ गोरखा सैनिक सुयोगवीर आणि सिगारेट ओढणारी, कोणाचीही भीड न बाळगणारी सकंबरी यांची ही छोटी कादंबरी. प्रेमाची गोड गोष्ट वाचायला सवकलेल्या वाचकांना ती विचित्र वाटली. आज ती नेपाळी गद्यातली एक निर्णायक कृती मानली जाते. तिचा इंग्रजी अनुवादही झाला. पुरस्कार मिळाला नसता तरी ती टिकली असती, पण तिशीही न ओलांडलेल्या, दार्जिलिंगहून आलेल्या एका आजारी स्त्रीकडे प्रस्थापितांना लक्ष देणे भाग पडले ते पुरस्कारामुळे.

पुढची यादी चाळली तर नेपाळी साहित्याची वळणे दिसतात. भैरव अर्याल यांचा विनोद, शंकर लामिछाने यांचे ‘एब्स्ट्रयाक्ट चिन्तन: प्याज’ हे कांद्याच्या पाकळ्यांसारखे उलगडणारे निबंध, ध्रुवचंद्र गौतम यांची ‘अलिखित’, सरुभक्त यांची ‘पागल बस्ती’. महाभारताचे वेड तर या यादीत ठळक आहे. मदनमणि दीक्षित यांची ‘माधवी’ ही ययातीच्या मुलीची कथा, कृष्ण धरावासी यांची ‘राधा’, घनश्याम कंडेल यांचे ‘धृतराष्ट्र’. पौराणिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. मात्र ‘राधा’ची रचना दार्जिलिंगच्या इंद्रबहादुर राई यांच्या लीलालेखनाच्या विचारातून आलेली असून तिथे पुराणकथा मोडून पुन्हा मांडण्याचा खेळ अधिक आहे.

१९९६ ते २००६ या माओवादी संघर्षाच्या दशकाची छाप पत्रकार नारायण वाग्ले यांच्या ‘पाल्पसा क्याफे’वर आहे. चित्रकार दृश्य आणि परदेशातून परतलेली पाल्पसा यांची ही कहाणी दोन बंदुकांच्या मधोमध सापडलेल्या गावांतून जाते. तिच्या खपाने नेपाळी प्रकाशकांना कादंबरीच्या बाजारपेठेची जाणीव करून दिली. अमर न्यौपाने यांची ‘सेतो धर्ती’ (संवत २०६८) ही बालविधवेची कथा. राजन मुकारुङ यांची ‘दमिनी भीर’ (२०६९) पूर्वेकडच्या डोंगरातला जातीय अन्याय मांडते. मोहन मैनाली यांचे ‘मुकाम रणमैदान’ (२०७९) पुन्हा इतिहासाकडे वळते. १८१४–१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात सामान्य माणसाचे काय झाले, हे ते जुन्या कागदपत्रांतून शोधते.

या पुरस्कारावर टीकाही होते. बुद्धिसागर यांची ‘कर्नाली ब्लुज’ घराघरात वाचली गेली, पण तिला मदन पुरस्कार नाही. अशा वगळलेल्या पुस्तकांची यादी प्रत्येक नेपाळी वाचकाच्या तोंडी वेगळी असते. त्याहून गंभीर आक्षेप भाषेचा आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार नेपाळात १२४ मातृभाषा बोलल्या जातात आणि नेपाळी मातृभाषा असलेले लोक सुमारे ४५ टक्के आहेत. उरलेल्यांच्या लेखनाला या पुरस्काराची दारे बंदच. मूळ हेतूच नेपाळीचा असल्याने गुठीला याबाबत दोष देता येत नाही. शिवाय जोशी नेवार, पारिजात तामांग, मुकारुङ राई असे मानकरी पाहिले की ही भाषा दुसऱ्या मातृभाषांच्या लेखकांनीही किती घडवली हे दिसते. सरकारी अकादमीचे पुरस्कार, साझा प्रकाशनाचा साझा पुरस्कार, खासगी न्यासाचा पद्मश्री साहित्य पुरस्कार असे इतर सन्मान आहेत, पण लोकांच्या मनातल्या क्रमवारीत मदन पुरस्कार वरच राहिला.

पुस्तकापुरता बांधलेला पुरस्कार एक मोठी उणीव मागे ठेवत होता. गायक, संगीतकार, नट, संग्राहक, संपादक यांचे काम एका वर्षाच्या पुस्तकात मावत नाही. त्यासाठी संवत २०४५ मध्ये जगदंबा श्री सुरू झाला. यात आयुष्यभराचे काम पाहिले जाते आणि संस्थाही पात्र असते. संगीतकार अंबर गुरुङ या पुरस्काराचे मानकरी. ते दार्जिलिंगला जन्मले, १९६९ मध्ये नेपाळात गेले आणि नेपाळच्या आजच्या राष्ट्रगीताची चाल त्यांची आहे. मदनकृष्ण श्रेष्ठ आणि हरिवंश आचार्य ही ‘मह’ जोडीही यात आहे. रंगमंच, रेडिओ आणि दूरदर्शनवरून या दोघांनी लोकांना हसवत राजकारण्यांना चिमटे काढले. विनोदी नटांना भाषेच्या सेवेबद्दल सन्मान देणे ही गुठीची चांगली खूण म्हणावी लागेल. खेड्यापाड्यांतल्या बोलीचा जिवंतपणा राजधानीतल्या श्रोत्यांच्या कानी पडला तो बराचसा अशा प्रहसनांतून. संवत २०७६ चा सन्मान दार्जिलिंगच्या शांती ठटाल यांना मिळाला. ‘परालको आगो’ या नेपाळी चित्रपटाचे संगीत त्यांचे. नेपाळी संगीतात दिग्दर्शन करणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून त्यांची ओळख आहे.

नेपाळच्या सीमेबाहेरच्या लोकांनाही हा सन्मान मिळतो, ते भाषेच्या भूगोलाला धरूनच आहे. दार्जिलिंग, सिक्कीम, आसाम इथली नेपाळी भारतीय भाषा आहे. १९९२ मध्ये ७१ व्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली, तेव्हा तिच्याबरोबर कोंकणी आणि मणिपुरी याही भाषा आल्या. गोव्यातल्या वाचकाला आठवत असेल की कोंकणीची ती लढाई किती वर्षे चालली होती. नेपाळी भाषकांची चळवळही तितकीच जुनी होती. आता मदन पुरस्काराच्या छोट्या यादीतही भारतीय नेपाळी लेखक दिसतात. कालिंपोंगच्या छुदेन काबिमो यांची ‘फातसुङ’ त्या यादीत पोचली होती.

या पुरस्कारांचे सर्वांत टिकाऊ फळ मात्र वेगळेच आहे. स्पर्धेसाठी आलेली पुस्तके आणि कमलमणि दीक्षितांचा खासगी संग्रह यांतून ललितपूरच्या पाटणढोका परिसरात मदन पुरस्कार पुस्तकालय उभे राहिले. १९८५ मध्ये त्याला स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले. नेपाळी पुस्तके आणि नियतकालिके यांचा इतका भरगच्च साठा दुसरीकडे नाही. कमलमणि मोठ्या ग्रंथांइतकीच आमंत्रणपत्रिका, पत्रके, जाहिराती यांचीही जपणूक करत. बाकीच्यांच्या लेखी तो कचरा होता. संशोधकांना पुढे नेमका तोच कामाला आला.

पुढे याच पुस्तकालयाने संगणकावरच्या नेपाळीचे काम अंगावर घेतले. तेव्हा नेपाळी मजकूर ‘प्रीती’, ‘कान्तिपुर’ अशा फाँटांत टंकित होई आणि फाँट नसलेल्या संगणकावर त्याचा अर्थहीन अक्षरगोंधळ दिसे. मराठीत कृतिदेव आणि श्रीलिपीने दिलेला त्रास ज्यांनी भोगला, त्यांना हे समजावून सांगायला नको. पुस्तकालयाच्या तरुण तंत्रज्ञांनी युनिकोडचे कळफलक आणि शुद्धलेखन तपासनीस तयार केले. २००५ मध्ये ‘नेपालिनक्स’ ही नेपाळीतून चालणारी संगणकप्रणाली त्यांनी मोफत उपलब्ध करून दिली. हलन्त काढून टाका म्हणणाऱ्या राममणींच्या नातवाच्या संस्थेत तेच हलन्त चिन्ह युनिकोडच्या जोडाक्षरांसाठी अत्यावश्यक ठरले, हा योगायोग मजेदार आहे.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात पुस्तकालयाच्या इमारतीला तडे गेले आणि ती धोकादायक ठरली. कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी पुस्तके बाहेर काढून तात्पुरत्या आडोशाला नेली, ती वाळवली, झटकली आणि पुन्हा लावायला घेतली. पुढच्याच वर्षी कमलमणि दीक्षित वारले. पुरस्कार मात्र त्या दोन्ही वर्षी दिले गेले.